‘सोस आणि वाच’ म्हटलं तर काय वाचायचं? एक क्रियापद हवं आहे

पेठरोडची:
‘द लास्ट ऑफ अस’ हा २०१३ सालचा गेम सध्या आईला दाखवतेय. मी खेळते, ती शेजारी बसून बघते. इंग्रजी संवाद तिला भरभर वाटतात, म्हणून गोष्टीच्या प्रसंगांना मराठी सबटायटल लिहून ठेवते आहे. ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी: कॉर्डिसेप्स नावाची बुरशी माणसाच्या मेंदूत शिरते, जग कोसळतं. त्यानंतर वीस वर्षांनी जोएल नावाचा, चोरटा माल ने-आण करणारा माणूस एली या चौदा वर्षांच्या मुलीला बॉस्टनहून पश्चिमेकडे घेऊन निघतो. एलीला बुरशी शिरलेल्या माणसाचा चावा बसलाय, तरी ती त्यांच्यासारखी बदललेली नाही.

एली ‘सॅव्हेज स्टारलाइट’ नावाची कॉमिक्स जपून ठेवते. त्यातलं घोषवाक्य तिच्या तोंडी आहे, ‘एन्ड्युअर अँड सर्व्हाइव्ह’. मी लिहिलं, ‘सोस आणि वाच’. आई म्हणाली, “काय वाच? ते पुस्तक?” विषय कॉमिकचाच चाललेला, त्यामुळे तिचा प्रश्न रास्त होता. मग ‘सोस आणि तग’ केलं. त्यावर ती म्हणते, तगतं ते रोप; फार तर आजारी वासरू. माणूस वाचतो, निभावतो, तगत नाही. तिचं माहेर निफाडचं. माझ्या कानाला माणूसही तगतो. कोणाचं बरोबर? आणि दोन-तीन शब्दांत बसणारं काही सुचतंय का?

व्याकरणप्रेमी:
ही दोन वेगळी क्रियापदं आहेत. पुस्तक वाचणं संस्कृत ‘वाच्’कडून आलं, जिवानिशी वाचणं हे हिंदी ‘बचना’चं भावंड. खरी अडचण पुढे आहे. दुसरं ‘वाचणं’ आज्ञार्थात येतच नाही. “पळ”, “लप”, “जीव वाचव” म्हणतो आपण, पण “वाच” म्हणत नाही, कारण वाचणं आपल्या हातात नसतं, ते घडतं. म्हणून तुमच्या आईंना पुस्तकच आठवलं. माझी सूचना: ‘साहा आणि तरा’. दोन्ही शुद्ध, जुने, संतांच्या तोंडी असलेले शब्द.

खेळिया_सिडको:
‘साहा’ पडद्यावर दोन सेकंद दिसणार. निम्मे लोक ‘सहा’ वाचतील. आणि एली शिव्या देणारी पोरगी आहे, ती ‘तरा’ म्हणणार नाही.

सिन्नरकर:
ताई, आईंना माझा नमस्कार सांगा, पण माणूस तगत नाही हे मला मान्य नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी होतो. घरची मोठी माणसं खडी फोडायला जायची, कामावर सुकडी मिळायची, घरात मिलो ज्वारीच्या लाल भाकरी. पुढे आयुष्यभर आमची आई त्या वर्षाबद्दल “तेव्हा आपण तगलो” असंच बोलायची. “वाचलो” तिने कधी म्हटलं नाही. वाचतो तो विहिरीत पडलेला, साप चावलेला. तो एका घटकेचा मामला असतो. तगायला महिने जातात, आणि उद्याचं काही माहीत नसतं. तुमच्या गेममध्ये वीस वर्षं गेलेली आहेत म्हणता, मग तो शब्द ‘तगणे’च. दुष्काळात सरकार जे कर्ज द्यायचं त्याला ‘तगाई’ म्हणत, तेही यावरूनच.

व्याकरणप्रेमी:
काका, अनुभवाबद्दल आदर आहे, पण तगाईचा तगण्याशी संबंध नाही. मूळ शब्द अरबी-फारसी ‘तकावी’, म्हणजे बळ देणं. ‘तगादा’ही तसाच बाहेरचा, ‘तकाजा’वरून आलेला. ‘तग’ वेगळा.

सिन्नरकर:
असेल अरबी. ज्याने तगाई काढून बी घेतलं आणि पोरं जगवली त्याच्या तोंडात दोन्ही शब्द एकच झाले होते. कोशात वेगळे राहिले म्हणून वापरात वेगळे राहतात असं नाही.

व्याकरणप्रेमी:
वापराने व्युत्पत्ती बदलत नाही. उद्या कोणी ‘झोंबी’ हा शब्दही इंग्रजीतून आला म्हणेल. आपल्याकडे तो झोंबणे, झटणे यावरून आहे आणि त्याचा अर्थ कुस्ती, झटापट. हल्लीची पोरं तो प्रेतांसाठी वापरतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

खेळिया_सिडको:
या गेममध्ये झोंबी नाहीतच, सर. ती मेलेली माणसं नाहीत. जिवंत आहेत, आत बुरशी आहे. खेळातली माणसं त्यांना ‘इन्फेक्टेड’ म्हणतात. मूळ कल्पना मुंग्यांवरची आहे. कॉर्डिसेप्सच्या कुळातली बुरशी मुंगीचा ताबा घेते, मुंगी झाडावर चढते, पानाची शीर दाताने धरून मरते आणि तिच्या डोक्यातून बुरशीचा देठ बाहेर येतो.

पण मूळ प्रश्नाबद्दल: ताई, शेवटचा प्रसंग आधी लिहून बघा. तिथे जोएल एलीला सांगतो की नुसतं जिवंत राहणं त्याला फार काळ जड गेलं, पण लढायला काहीतरी सापडत राहतं. तिथेही तेच ‘सर्व्हाइव्ह’ आहे. एलीच्या घोषवाक्यात जोर आहे, जोएलच्या बोलण्यात थकवा. दोन्हीकडे एकच मराठी शब्द बसला तरच ती ओळ पोचते. ‘तग धर’ आणि ‘तग धरणं’ बसतं का बघा.

पेठरोडची:
हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ‘सोस, तग धर’. म्हणून बघितलं, चांगलं वाटतंय. पण ‘तग धर’मध्ये सोसणं आलंच ना? मग पहिला शब्द कशाला उरतो? आणि ‘इन्फेक्टेड’ला मी ‘लागण झालेले’ लिहिलंय. तेही आईला खटकलं. तिच्या डोळ्यांसमोर कांद्याची लागण, म्हणजे लावणी येते.

द्राक्षबाग_दिंडोरी:
बुरशीचं बोलायचं तर आमच्याकडे या. ‘लागण’ रोपाची, कीड ‘लागते’, करपा ‘पडतो’, भुरी ‘येते’. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की द्राक्षाच्या पानांवर डाऊनी येते, जुनी माणसं तिला केवडा म्हणतात. एका रात्रीत पानाखाली पांढरं दिसतं, सकाळी फवारा हातात. त्यामुळे माणसांसाठी ‘बुरशी आलेले’ लिहा, आमच्या भागात लगेच कळेल.

व्याकरणप्रेमी:
‘बाधित’ हा शब्द तयार आहे. २०२० मध्ये रोज छापून येत होता.

सिन्नरकर:
बाधित म्हटलं की मला बाहेरची बाधा आठवते, अंगारा आणि लिंबू.

द्राक्षबाग_दिंडोरी:
एक दुरुस्ती, कारण इथे बुरशी-बुरशी चाललंय. भुरी ही खरी बुरशी, डाऊनी नव्हे. शास्त्रज्ञ डाऊनीला समुद्री शैवालाच्या नात्यातली मानतात. म्हणूनच दोन्हींची औषधं वेगळी, आणि हे न कळता फवारणाऱ्याचा पैसा जातो.

खेळिया_सिडको:
मग त्या इन्फेक्टेडमधल्या क्लिकरला काय म्हणायचं? बुरशीने डोळे गेलेले, डोकं फुटून त्यावर पाकळ्यांसारखे थर, आणि वटवाघळासारखा आवाजाच्या अंदाजाने माणूस शोधतात.

सिन्नरकर:
बाजरीत हेच होतं. कणसात दाणे भरायच्या जागी पानांचा झुपका फुटतो. त्याला आम्ही ‘गोसावी’ म्हणतो, जटांवरून. क्लिकरला हा शब्द तंतोतंत आहे.

व्याकरणप्रेमी:
गोसावी हे लोकांचं आडनाव आहे, काका. बैराग्यांच्या या नाशकात राक्षसाला ते नाव द्यायचं?

सिन्नरकर:
राक्षस कोण म्हणतंय? आत्ताच हे सांगत होते, ती माणसंच आहेत.

द्राक्षबाग_दिंडोरी:
बाजरीचा गोसावीसुद्धा डाऊनीच. बुरशी नव्हे.