मुक्या जिवांसाठी झिजलेली आपली माणसे

आत्या जाऊन येत्या श्रावणात वर्ष होईल. लालबागच्या चाळीतील तिच्या दीड खोलीत पाचांहून कमी मांजरे मी कधी पाहिली नाहीत. जिन्याखाली कुणी पिल्ले टाकून गेले की शेजारी थेट तिच्या दाराची कडी वाजवत. एवढ्याशा पिल्लाला गाईचे दूध सोसत नाही, हे तिला एक पिल्लू हगवणीने गेल्यावर कळले. त्यानंतर ती पिल्लांसाठी मिळणारी दूध पावडर आणून बिनसुईच्या सिरिंजने थेंब थेंब पाजत असे आणि मग कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसत असे, कारण डोळे न उघडलेली पिल्ले आईने चाटल्याशिवाय लघवीसुद्धा करू शकत नाहीत. हा क्रम रात्रीही चुकत नसे. जखमी कुत्रे असले, तर टॅक्सीवाल्याची मनधरणी करून ती परळचे बैलघोडा गाठी. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय हे त्याचे पूर्ण नाव तिने आयुष्यात एकदाही उच्चारले नसावे. आपल्या घरात असे कुणी होऊन गेले असल्यास कृपया लिहावे. थोरवीपेक्षा रोजचे तपशील वाचायला मला अधिक आवडतील.

* * *

आमचे बाबा सर्पमित्र होते. ते गेले तेव्हा भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी दबक्या आवाजात ‘साप चावला का?’ असे विचारले. बाबा हृदयविकाराने गेले, हे ऐकून काहींची निराशा झाल्याचे मला तरी जाणवले. साप हातात धरून फोटो काढून घेणाऱ्यांचा त्यांना मनस्वी राग होता. ते पाइपच्या तोंडाला पिशवी बांधून अंधाराच्या ओढीने सापाला आपणहून आत जाऊ देत, पिशवीला गाठ मारत आणि मगच घरच्या माणसांशी बोलत. धामण निघाली, तर ती बिनविषारी असून उंदीर खाते, तिला गोठ्यामागे राहू द्या, असे ते शेतकऱ्याला अर्धा अर्धा तास समजावीत. बहुतेक वेळा शेतकरी ऐकत नसे. त्यांच्या वहीत तारीख, गाव, जात आणि सोडल्याची जागा एवढेच लिहिलेले आहे. स्वतःला घोणस चावली त्या दिवशीच्या नोंदीतही चावल्याचा उल्लेख नाही.

* * *

आत्याबाईंच्या मांजरांचे पुढे काय झाले?

* * *

दोन माझ्याकडे आहेत, तीन चाळीतच सर्वांची मिळून राहतात. एक म्हातारा बोका मात्र आत्या गेल्यावर आठवडाभर बंद दाराशी बसून राहिला आणि नंतर दिसला नाही.

* * *

माझे मामा मंडणगड तालुक्यातील वेळासचे. लहानपणी आपण स्वतः कासवाची अंडी खाल्ली आहेत, हे ते कधी लपवीत नसत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 साली गावकऱ्यांना घेऊन संवर्धनाचे काम सुरू केल्यावर ते पहाटे उजाडण्याआधी किनाऱ्यावर जाऊ लागले. कासविणीचा माग दिसला की ते काठी हलकेच टोचून वाळू कुठे भुसभुशीत लागते ते पाहत, आणि कुत्र्या-कोल्ह्यांनी उकरण्याआधी शंभरेक अंडी उलटीपालटी न होऊ देता कुंपणातल्या खड्ड्यात हलवीत. पुढे सुमारे पन्नास दिवस वाट पाहायची. पिल्ले समुद्रात सोडताना पाहुण्यांची गर्दी होई, तेव्हा मामा मागे उभे राहून माणसांच्या पायांकडेच लक्ष ठेवीत.

* * *

नागपूर. माझ्या आठवणीत थोडी कटुताही आहे. संक्रांतीला आमच्या घरी कधी हळदीकुंकू झाले नाही, कारण तो सारा आठवडा आई मांज्यात अडकलेले पक्षी सोडवीत फिरे. नायलॉन मांज्यावर 2017 मध्ये देशभर बंदी आली, तेव्हा तिला फार आनंद झाला होता. पुढच्याच संक्रांतीला तिने नेहमीइतकीच खोकी गोळा केली. पंख कापलेली घार किंवा ढोकरी आणली की ती आम्हाला चोचीत पाणी घालू देत नसे, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. भोके पाडलेल्या खोक्यात पक्ष्याला अंधारात ठेवून ती दवाखान्यात नेई, आणि तिळगूळ आम्ही शेजारणीकडे खात असू. टोकाला विळी बांधलेली तिची लांब वेळूची काठी अजून गच्चीच्या कोपऱ्यात आहे. यंदा संक्रांत झाल्यावर समोरच्या कडुनिंबावरचा मांजा काढायला मी ती पहिल्यांदा हातात घेतली. खालच्या दोन फांद्या मोकळ्या झाल्या, वर हात पोहोचला नाही.