व्हल्चरने ‘न वापरलेला’ म्हटलेला कोड: उडवायचा की ठेवायचा?

जुळे सोलापूर: अक्कलकोट रोडच्या टॉवेल कारखान्यांसाठी आमचं हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर आहे, पायथनमधलं. परवा त्यावर व्हल्चर चालवलं. प्रोग्राम न चालवता, नुसता कोड वाचून काय वापरात नाही ते हे टूल सांगतं. २१२ फंक्शन्स (कोडचे नाव दिलेले तुकडे) निघाली. माझं मत: उडवा. नवीन मुलगा दोन दिवस एक फंक्शन समजून घेत बसला आणि शेवटी कळलं, ते कुठूनच बोलावलं जात नाही. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये, सगळं आहेच, लागलं तर परत आणू.

सात रस्ता: थांबा जरा. व्हल्चर स्वतःच खात्रीचा आकडा देतं. रिटर्नच्या खालची, कधीच न चालणारी ओळ असेल तर १०० टक्के, इम्पोर्टला (बाहेरून आणलेल्या कोडला) ९०, फंक्शनला फक्त ६०. तुमची २१२ ही सगळी साठवाली.

आमच्याकडचं सांगतो. मेनूतल्या प्रत्येक पर्यायाच्या फंक्शनचं नाव डेटाबेसच्या टेबलात होतं, कोड तिथून नाव वाचून फंक्शन बोलवायचा. टूलला ते टेबल दिसणार कुठून? बोनसचं फंक्शन जूनमध्ये उडवलं. टेस्ट पास, पुढचे पगार सुरळीत. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मालकांनी बटण दाबलं आणि एरर. बाहेर विणकर रांगेत उभे, आत मी गिटच्या इतिहासात ‘८.३३’ (बोनसचा टक्का) शोधतोय, कारण फंक्शनचं नाव कुणालाच आठवेना. तीन तास गेले. ज्यांच्या घरचा फराळ त्या पैशावर अडलेला, त्यांना ‘गिटमध्ये आहे’ म्हणून काय सांगायचं?

होटगी रोड: ठेवण्याची किंमतही मोजा की. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली शेअर-व्यवहार करणारी कंपनी नाइट कॅपिटल. ‘पॉवर पेग’ नावाचा, कित्येक वर्षं बंद असलेला कोड तसाच पडून होता. नव्या कामाला जुनाच फ्लॅग (कोड चालू-बंद करणारी खूण) घेतला, आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढलाच नाही, आणि तिथे तो जुना कोड जागा झाला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले. तो वेळीच काढला असता तर फ्लॅगने जागं करायला काही उरलंच नसतं.

सात रस्ता: हे मान्य. काढूच नका असं मी म्हणतच नाही. संशयित फंक्शनच्या पहिल्या ओळीत लॉग टाका, म्हणजे ते चाललं की नोंद होईल; दिवाळी आणि मार्चअखेर दोन्ही उलटू द्या. तोवर लॉगमध्ये नाव आलं नाही तर खुशाल उडवा.

जुळे सोलापूर: वर्षभर थांबणं मला पटत नाही, तोवर आणखी शंभर साचतील. पण तुमचं वाचून काल रात्री मेनूचं टेबल उघडलं, नावं ताडून पाहिली. १७ सापडली. एक तर चक्क रजेच्या पगाराचं! ती व्हाइटलिस्टमध्ये, म्हणजे व्हल्चरने सोडून द्यायच्या यादीत, टाकली. उरलेली १९५ सोमवारी जाणार, प्रत्येक मॉड्यूलची कमिट (गिटमधली बदलाची नोंद) वेगळी, म्हणजे चुकलं तर तेवढीच उलटवता येईल.

सात रस्ता: टेबल पाहिलंत, क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) पाहिलात का? आमची मार्चअखेरची कामं तिथूनच सुटतात. सोमवारच्या आधी बघा.