जुना ड्रमसेट पाहताना आणि सरावाबाबत
नव्याने ड्रम शिकणाऱ्याला, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून, इलेक्ट्रॉनिक ड्रमसेट सुचवला जातो, ते योग्यच. मात्र जाळीचे पॅड कितीही शांत असले तरी पायाने वाजवायच्या किक पेडलचा धक्का जमिनीतून खालच्या मजल्यावर पोहोचतो आणि जाड रबरी मॅटही तो पूर्णपणे थांबवत नाही. जुना अकूस्टिक (विजेविना वाजणारा) सेट घ्यायचा झाल्यास हेड (ड्रमवर ताणलेला पडदा) काढून शेलची (ड्रमच्या गोल पोकळ सांगाड्याची) कड बोटाने चाचपून पाहावी, कारण फाटलेले हेड सहज बदलता येते, पण कडेला खाच असेल तर ड्रम नीट सुरात लागत नाही. सिंबलला (धातूच्या थाळीला) तडा नको, हे ओघाने आलेच. सुरुवातीला ५ए स्टिक (मध्यम जाडीच्या काठ्या), सरावाचे पॅड आणि मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारे साधन) पुरे. मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत, दोन्ही हातांचा आवाज सारखा येईपर्यंत सिंगल स्ट्रोक (दोन्ही हातांनी आळीपाळीने एकेक ठोका) वाजवावेत; उजव्या हाताची सवय असणाऱ्यांचा डावा हात बहुधा मागे पडतो, म्हणून आरंभ त्यानेच करावा.