हिडकलला गळ टाकायला सुट्टीत जावं काय?

गांधी जयंतीला जोडून शनिवार-रविवार सुट्टी हाय, आम्ही चौघं बेळगावातनं गळ घेऊन निघालोय, हिडकल बरं की सौंदत्तीजवळचं नविलुतीर्थ धरण?

— हिडकलच बघा की ओ. घटप्रभेवरचं ५१ टीएमसीचं धरण, पसारा लई मोठा, त्यामुळं भिंतीकडं गर्दी झाली तरी मागं पाणपसाऱ्याच्या कडेला निवांत जागा मिळतीय, फक्त उजाडायच्या आत पोचा. रोहू-कटल्याला कणकेचा गोळा, मरळला जिवंत बेडकी. पण आधी मासेमारीचा ठेका कुणाकडं हाय ते विचारून परवानगी घ्या, त्यांच्या जाळ्यांवर पोटं चालत्यात.

— नविलुतीर्थाला नको, सुट्टीत यल्लम्माच्या गाड्यांनी रस्ता तुंबतोय. आणि चिखलात उतरू नका, पोरं सोबत असली तर अजिबात नको.