गुनपेई योकोई यांच्या कारकिर्दीकडे कसे पाहावे?

इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी, इंदूर

नमस्कार. आमच्या वसाहतीतील मराठी वाचक मंडळात पुढच्या महिन्यात मला ‘खेळ आणि खेळणी’ या विषयावर बोलायचे आहे, आणि त्यासाठी मी निन्टेंडो या जपानी खेळ-कंपनीचे दिवंगत रचनाकार गुनपेई योकोई यांची निवड केली आहे. क्योतोत १९४१ साली जन्म, दोशिशा विद्यापीठाची इलेक्ट्रॉनिक्सची पदवी, १९६५ साली निन्टेंडोत नोकरी, १९८९ सालचा हातात धरून खेळायचा गेम बॉय, १९९५ सालचा डोळ्यांना लावून खेळायचा, फसलेला व्हर्च्युअल बॉय, १९९६ साली राजीनामा आणि ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरील अपघातात मृत्यू, एवढा सांगाडा माझ्या हाती आहे. मात्र तो सलग मांडला की ‘यश, अपयश, हकालपट्टी’ अशीच गोष्ट तयार होते आणि ती मला पटत नाही. त्यांच्या सगळ्या कामाला जोडणारे सूत्र कोणते, आणि व्हर्च्युअल बॉयमुळेच त्यांनी कंपनी सोडली असे म्हणणे योग्य ठरेल का? श्रोते बहुतेक साठीच्या पुढचे आहेत. व्हिडिओ गेम त्यांनी नातवंडांच्या हातातच पाहिलेले आहेत.

दुरुस्तीकार, जेल रोड

आपण सुरुवात गेम बॉयपासून करू नये, असे मला वाटते. योकोई रुजू झाले तेव्हा निन्टेंडो मुख्यतः हानाफुदा हे जपानी खेळाचे पत्ते तयार करीत असे आणि ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल हे योकोईंचे काम होते. फावल्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी केलेला, फुलीसारख्या जोडलेल्या पट्ट्यांचा लांब होणारा पंजा अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेस पडला, आणि १९६६ साली ‘अल्ट्रा हँड’ या नावाने बाजारात आलेले ते खेळणे दहा लाखांहून अधिक विकले गेले. त्यात नवा शोध एकही नव्हता. जे तंत्र जुने होऊन स्वस्त झाले आहे, ज्याच्या खोडी कारागिरांना पाठ आहेत, ते भलत्याच कामाला लावायचे, हे आपले तत्त्व योकोई स्वतःच सांगत असत. आपल्याला हवे ते सूत्र हेच.

याचा सर्वांत सुंदर नमुना म्हणजे १९८० सालची ‘गेम अँड वॉच’ मालिका. कॅल्क्युलेटरच्या कंपन्यांतील स्पर्धेमुळे आकडे दाखवणाऱ्या एलसीडी काचा स्वस्त झाल्या होत्या, आणि आगगाडीत एक कंटाळलेला प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसलेला पाहून योकोईंना खिशातल्या खेळाची कल्पना सुचली, असे सांगतात. कॅल्क्युलेटरची काच उजेडात तिरकी धरली, तर न उमटलेल्या आकड्यांचे तुकडेही पुसट दिसतात. पहिल्या ‘बॉल’ या खेळात हेच तंत्र आहे: चेंडूच्या साऱ्या जागा काचेत आधीच आखलेल्या असतात, एक आकृती विझते, पुढची उमटते आणि डोळ्याला चेंडू उडाल्याचा भास होतो.

दिशा देणारे अधिक चिन्हाच्या आकाराचे बटणही त्यांचेच. ते १९८२ साली याच मालिकेतील, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या ‘डाँकी काँग’ यंत्रात प्रथम आले. तिथे उभी दांडी बसवली असती, तर यंत्र मिटलेच नसते. हे एकच बटण मधोमध टेकलेले असल्याने डावी बाजू दाबली की उजवी उचलली जाते, आणि अंगठ्याला न पाहता दिशा कळते. खाली रबराचे पॅड, त्यावर कार्बनच्या चार टिकल्या, बस्स. आज माझ्याकडे दुरुस्तीला येणारे कंट्रोलर उघडले की बहुधा याच धर्तीची रचना दिसते, आणि दर वेळी मला त्या माणसाचे कौतुक वाटते.

निवृत्त शिक्षक, ग्वाल्हेर

हकालपट्टी हा शब्द कृपया वापरू नका. व्हर्च्युअल बॉय जुलै १९९५ मध्ये जपानमध्ये आला, सुमारे ७ लाख ७० हजार नग विकले जाऊन लवकरच बंद पडला, हे खरे आहे. परंतु योकोई त्यानंतरही वर्षभर कंपनीत राहिले, जुलै १९९६ मध्ये गेम बॉयची आटोपशीर ‘पॉकेट’ आवृत्ती बाजारात आली, आणि मग ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला. अपयशाशी या राजीनाम्याचा संबंध त्यांनी स्वतः नाकारला होता. पुढे त्यांनी ‘कोतो’ ही कंपनी काढली आणि बांदाई या खेळणी कंपनीच्या ‘वंडरस्वान’ या हातात धरायच्या यंत्रावर काम केले. एकाच पेन्सिल सेलवर चालणारे ते यंत्र १९९९ साली आले, तेव्हा योकोई हयात नव्हते.

व्हर्च्युअल बॉयमध्ये त्यांनी आपले तत्त्व सोडले, असेही मला वाटत नाही. प्रत्येक डोळ्यासाठी लाल एलईडींची एक ओळ आणि तिचे चित्र पसरवणारा थरथरता आरसा, ही युक्ती त्यांच्याच वळणाची आहे. फसले ते दुसरीकडे. १९६९ सालच्या ‘लव्ह टेस्टर’ या खेळण्यात दोघांनी एकमेकांचा हात धरायचा असे, गेम बॉयमध्ये दोन यंत्रे तारेने जोडता येत. व्हर्च्युअल बॉयमध्ये मात्र खेळणारा तोंड खुपसून बसे आणि शेजारच्याला काहीच दिसत नसे. माणसांच्या मध्ये ठेवण्याजोगी वस्तू घडवणे ही योकोईंची खरी ताकद होती, आणि ती या यंत्रात कुठेच दिसत नाही.

जुनी वाचक, इंदूर

वरील दोन्ही मते मला मान्य आहेत. मात्र स्वस्ताईचे गुणगान करताना तिची किंमतही सांगावी. गेम बॉयचा पडदा हिरवट होता, त्याला मागून उजेड नव्हता, आणि चित्र वेगाने हलले की पुसट होई. त्याच सुमारास अटारीचा लिंक्स आणि सेगाचा गेम गिअर रंगीत पडदा घेऊन आले होते, परंतु त्यांना सहा सेल लागत आणि ते काही तासांतच संपत. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले. हा हिशेब आपल्या श्रोत्यांना समजावून सांगावा लागणार नाही, कारण नव्वदच्या दशकात मुलांच्या ब्रिक गेमसाठी पेन्सिल सेल त्यांनीच आणून दिलेले आहेत. गेम बॉय आणि गेम बॉय कलर मिळून जवळजवळ ११ कोटी ८७ लाख नग विकले गेले, हा आकडा या हिशेबानंतरच सांगावा.

निन्टेंडोचेच रचनाकार शिगेरू मियामोतो यांचा १९८१ सालचा ‘डाँकी काँग’ हा मूळ खेळ योकोईंच्या देखरेखीखाली तयार झाला, याचाही उल्लेख हवा. १९८६ सालच्या ‘मेट्रॉइड’ या खेळावर मात्र फार वेळ घालवू नये, तिथे योकोई निर्माते होते आणि खेळाची प्रत्यक्ष रचना त्यांच्या विभागातील तरुण सहकाऱ्यांनी केली होती.