अडतीस हजारांचा डबा: खेळणं की काम?

कसारा_घाट

परवा इथे एकांनी फोटो टाकला होता. नाशिकरोडच्या एका निवृत्त फिटरकाकांनी पितळी पत्र्यातून हातानं बनवलेला रेल्वेचा डबा. मॉडेल १:८७, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. चेन्नईच्या आयसीएफ कारखान्याचा जुना विटकरी रंगाचा स्लीपर. ३८,००० रुपयांना गेला. फोटोखाली लिहिलं होतं, "वीतभर खेळण्याला अडतीस हजार! एवढ्यात सेकंडहँड स्कूटर येते. घेणारा येडा, विकणारा लुटारू."

दोन दिवस गप्प बसलो, पण 'लुटारू' हा शब्द काही केल्या गिळवत नाही.

डबा गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी मी हातात घेऊन बघितला आहे. खरा डबा २१.३ मीटरचा, हा साडेचोवीस सेंटिमीटरचा. प्रत्येक खिडकीला आडवे गज आहेत. गज म्हणजे केसाहून जराशी जाड तार, आणि एकेक तार दोन्ही टोकांना झाळलेली. आपत्कालीन खिडकी तेवढी मोकळी सोडली आहे. डबा उलटा केला तर खाली बॅटरीची पेटी, व्हॅक्यूमचा सिलिंडर, अल्टरनेटरचा पट्टासुद्धा. रुळावर ठेवल्यावर यातलं काहीही दिसत नाही. तरी काकांनी केलंय, कारण खऱ्या डब्याला ते असतं.

आता हिशेब. पत्रा, तारा, चाकं, कपलिंग, रंग, चिकटवायच्या अक्षरांचे डेकल मिळून साडेसहा हजार. काम एकशेसाठ तास. राहिलेले ३१,५०० भागिले १६०, म्हणजे तासाला दोनशेसुद्धा पडत नाहीत. एसी दुरुस्त करणारा नुसता दारात आला तरी याहून जास्त घेतो. त्याला कोणी लुटारू म्हणत नाही, म्हणूही नये. मग काकांनाच का?

गंगापूररोडकर

तो फोटो मीच टाकला होता. 'लुटारू' मागे घेतो, वयस्कर माणसाबद्दल तसं लिहायला नको होतं. बाकी एक अक्षर मागे घेत नाही.

तास लागले म्हणून किंमत होते, हे कुठलं गणित? मी १६० तास घालून भिंत रंगवली आणि ती वाकडीतिकडी झाली, तर मला कोणी पैसे देणार आहे का? माल काय आहे ते बघा.

आणि मालाबद्दलच बोलायचं तर आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १,६७६ मिलिमीटर. भागिले ८७ केलं तर १९.३ येतात. त्या डब्याखाली चाकं १६.५ची, म्हणजे युरोपातल्या १,४३५च्या गेजची. अल्टरनेटरचा पट्टा अचूक आणि रुळाचं मापच चूक! भारतीय डबा म्हणून ३८ हजार घेता, मग तो भारतीय रुळावर तरी उभा राहू दे.

टूलरूम_अंबड

गेजचा मुद्दा बरोबर आहे. पण १९.३ची चाकं आणि रूळ तयार मिळत नाहीत. डबा १६.५वर चालला नाही तर तो कोणाच्याच लेआउटवर, म्हणजे घरी मांडलेल्या छोट्या रुळांवर, चालणार नाही, नुसता कपाटात बसेल. ही तडजोड सगळेच करतात.

किमतीचं खरं कारण तुम्हा दोघांच्याही हाती लागलेलं नाही. ते नगसंख्येत आहे. माझं बावीस वर्षं डायचं, म्हणजे साचे बनवायचं काम आहे. मागे एकानं प्लास्टिकच्या डब्याच्या बॉडीसाठी कोटेशन मागितलं होतं. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना स्लाइड, छत वेगळं, वायरकट, स्पार्क, पॉलिश, ट्रायल... मी साडेसात लाख सांगितले. माणूस परत आला नाही. दहा हजार नग काढले तर डायचा खर्च नगामागे ७५ रुपये. वीस नग काढले तर नगामागे ३७,५००! म्हणजे वीस नगांत डाय परवडतच नाही, तिथे हातच स्वस्त पडतो. परदेशातला डबा चार-पाच हजारांत मिळतो, कारण तो हजारोंनी निघतो. आपला विटकरी स्लीपर हजारोंनी कोण घेणार आहे?

पासधारक_नाशिकरोड

चार-पाच हजारांत मिळतो म्हणता, पण हातात पडतो केवढ्याला? खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ साली ७०. स्केल मॉडेलही त्यातच. चौदा वर्षांच्या पोराच्या बंदुकीला आणि माझ्या इंजिनाला एकच नियम. मागच्या वर्षी एक साधा मालडबा मागवला तर तो महिनाभर अडकला, वर दंडासारखी रक्कम भरली, आणि खोकं उघडलं तर एक बफर तुटलेला. दाद कोणाकडे मागायची? लोक हातानं बनवलेल्याकडे वळतात त्याला हेही कारण आहे. हे बोललंच पाहिजे.

येवल्याची_सून

मला रेल्वेतलं काही कळत नाही, पण हा वाद आमच्या घरात रोजचा आहे. सासरी दोन हातमाग आहेत. गिऱ्हाईक येतं, पैठणी बघतं, किंमत ऐकतं आणि म्हणतं, "बाजारात पाच हजारांत मिळते." मिळते ना, यंत्रमागावरची. आमच्याकडे पदरावरचा एकेक मोर वेगवेगळ्या तिल्ल्यांनी (रंगीत धाग्याच्या छोट्या कांड्यांनी), धागा धाग्यात अडकवून विणतात. दिवसाला काही इंच पुढे सरकलं तर खूप. एका साडीला महिना सहज जातो, काम भरगच्च असेल तर कितीतरी जास्त.

गंगापूररोडकर

ताई, राग मानू नका, पण लग्नाच्या मांडवात पदर उलटून कोण बघतं? पाच हजारांची आणि पन्नास हजारांची चार हातांवरून सारखीच दिसते.

येवल्याची_सून

मी बघते. आमच्याकडची प्रत्येक बाई बघते. हातमागाची पैठणी उलटीकडूनही सुलटीसारखीच दिसते, नक्षी तीच, रंग तेच. यंत्राच्या पदरामागे धाग्यांचं जंजाळ असतं, जोडव्यात, बांगडीत अडकतं. तुम्हाला दिसत नाही म्हणून ते नाहीच, असं कसं?

आणि सारखी दिसते म्हणून पाच हजारांची विकली तर एक वेळ चालेल. ती हातमागाची सांगून पंचवीसला विकतात, आमचं दुखणं ते आहे. माझ्या नणंदेला तिच्याच लग्नात सासरकडून तशी आली. विणकराची मुलगी, हातात घेताच कळलं. मांडवात तोंड उघडता येईना. रात्री रडली ती.

सिडको_मेघा

माझीही अशीच फसगत झाली. दुकानदार म्हणाला सेमी पैठणी आहे. 'सेमी' म्हणजे नक्की काय, हे आजवर कोणी नीट सांगितलेलं नाही. ताई, घेताना काय विचारायचं?

येवल्याची_सून

पहिलं, माग बघायला मिळेल का विचारा. येवल्यात खरा विणकर कोणालाही माग दाखवतो. दुसरं, पदर उलटा करा. तिसरं, जरीचा धागा कोणता वापरला आहे ते विचारा, खऱ्या जरीची किंमत वेगळीच असते. आणि सिल्कचा धागा जाळून बघू द्यायला जो कां-कूं करतो त्याच्याकडून घेऊ नका.

पासधारक_नाशिकरोड

धागा डब्याचा आहे, सगळे पदर उलटत बसलेत.

सिडको_मेघा

मग तुम्ही कस्टमची कहाणी सांगत होता तेव्हा डबा कुठे होता? आम्ही निदान हातकामाबद्दलच बोलतोय.

कसारा_घाट

भांडू नका. ताईंचा मुद्दा डब्यालाच लागू आहे. उलटी बाजू दिसत नाही, तरी केलेली असते. गंगापूररोडकर, तुमचा आक्षेप तिथेच आहे ना, की जे दिसत नाही त्याचे पैसे का द्यायचे?

गंगापूररोडकर

नाही, माझ्या तोंडी शब्द घालू नका. लोक याला 'गुंतवणूक' म्हणतात, माझा आक्षेप त्याला आहे. माझ्या मामेभावानं परदेशातून पितळी इंजिनं आणि डबे घेतले, मुलाच्या शिक्षणासाठी ठेवलेले पैसे त्यात घातले. किंमत वाढतच जाणार म्हणून त्याला पटवलं होतं. गरज पडली तेव्हा निम्मेसुद्धा आले नाहीत. वहिनीनं मंगळसूत्र सोडून बाकीचे दागिने मोडले. हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून चिडतो. हौस करा, पण भाव बघून दुसऱ्याला नादी लावू नका.

टूलरूम_अंबड

यावर माझ्याकडे उत्तर नाही. हे खरं आहे, आणि छंदातली माणसं ते नव्यांना सांगत नाहीत. महायुद्धानंतर पितळी मॉडेलं जपानमध्ये हातानं बनायची, अमेरिकन आयातदार थोड्याथोड्या नगांची ऑर्डर द्यायचे. जपानची मजुरी आणि येन चढला, तसं सत्तर-ऐंशीच्या दशकांत काम कोरियाकडे गेलं. तेव्हा प्लास्टिकची मॉडेलं ओबडधोबड असायची, बारीक काम हवं तर पितळच. आता प्लास्टिकमध्येही तसं बारीक काम निघतं. एखाद्या पितळी मॉडेलची प्लास्टिक आवृत्ती आली की त्याचा भाव बसतो. शिवाय ज्यांना ती इंजिनं लहानपणी बघितल्यामुळे हवी होती, ती माणसंच कमी होत चालली आहेत.

भाव टिकतो तो दुसरं कोणी बनवलंच नाही अशा वस्तूचा. आणि त्यालाही दोन गिऱ्हाइकं लागतात. एकच असेल तर तो म्हणेल ती किंमत.

कसारा_घाट

मामेभावाचं ऐकून वाईट वाटलं. मान्य, गुंतवणूक म्हणून कोणी घेऊ नये, आणि मी तसं कोणाला सांगणारही नाही. पण काकांनी कोणाला नादी लावलेलं नाही. हा डबा घेणाऱ्यांचे वडील इगतपुरीला गार्ड होते. १:३७ चा चढ, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर चढण, कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागायची, आणि घाट संपेपर्यंत पोरगं खिडकीच्या गजाला गाल लावून बसायचं. त्यांना तेच गज हवे होते. त्या गजांची किंमत तुम्ही-आम्ही कशी ठरवणार?

भांडीबाजार_तांबट

वाचत होतो, आता राहवत नाही. आमच्या तीन पिढ्या तांब्या-पितळेत गेल्या. सोनाराकडे गेलात की सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी, कोणी कां-कूं करत नाही. आमच्याकडे आलात की पहिला प्रश्न, "किलोला काय भाव?" आजोबा घंगाळ मठारायचे. एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून, सरळ रांगेत, हात घसरला की अख्खं भांडं वाया. ते घंगाळ आणि प्रेसमधून निघालेलं घंगाळ एकाच काट्यावर चढायचं. काट्याला ठोके कळत नाहीत. माझा मुलगा आज सातपूरला कंपनीत शिफ्ट करतो, हातोडा धरत नाही. मी धर म्हणतही नाही.

नाशिकमध्ये कोणीतरी पितळेच्या हातकामाचे वजनाबाहेर पैसे घेतले, हे ऐकून मला तर बरं वाटलं.

गंगापूररोडकर

तांबटकाका, घंगाळात अंघोळीचं पाणी काढता येतं, निदान उपयोग तरी आहे. पण घडणावळीचा मुद्दा पटला. एवढंच मान्य करतो. ३८ हजार मला अजूनही जास्तच वाटतात.

देवळाली_४

लिहू की नको, विचार करत होते.

माझे बाबा वर्कशॉपमध्ये होते. रिटायर झाल्यावर गच्चीवरच्या खोलीत डबे बनवायचे, पितळेचेच. अकरा झाले होते. रंग दिला नव्हता. म्हणायचे, सगळी गाडी झाली की एकाच दिवशी एकाच डब्यातला रंग देणार, नाहीतर छटा बदलते. बारावा चालू असताना गेले.

वर्षभरानं खोली भाड्यानं द्यायची ठरली. भावानं सगळं पितळ एका पोत्यात भरून मोडीत दिलं. मी तिथेच होते. माणसानं एक डबा हातात घेतला, फिरवून बघितला, म्हणाला, "जोडकाम आहे, कथील लागलंय, भाव कमी बसेल." ज्या झाळकामाच्या डागांसाठी बाबा डोळ्याला भिंग लावून बसायचे, त्या डागांमुळे किलोमागे पैसे कापले. सगळ्याचे मिळून दोन हजारसुद्धा आले नाहीत.

भावावर राग नाही. त्याला काय, मलाही माहीत नव्हतं. आज इथले आकडे वाचले. पैशाचं म्हणत नाही, पण कोणीतरी तेव्हा सांगायला हवं होतं.

टूलरूम_अंबड

ताई, वाचून हात थांबले.

गंगापूररोडकर

ताई, मी 'खेळणं' म्हणालो होतो. तुमच्या बाबांच्या कामाबद्दल तो शब्द वापरणार नाही.

कसारा_घाट

देवळालीच्या ताई, बाराव्याचं काय झालं? तोही पोत्यात गेला का?

देवळाली_४

नाही. तो टेबलाला क्लॅम्पमध्ये अडकवलेला होता, म्हणून राहिला. एका बाजूला खिडक्या झाल्यात, दुसरी बाजू नुसता पत्रा. चाकं वेगळ्या डबीत आहेत. काळा पडलाय, हिरवट डाग आलेत. फिटरकाकांना एकदा दाखवता येईल का? विकायचा नाही. विचार होता, रविवारी चिंच-मीठ लावून स्वच्छ करते आणि फोटो टाकते.

कसारा_घाट

नका नका, चिंच लावू नका! घासलात तर खिडक्यांच्या तारा निघून येतील, आणि खारट पाणी सांध्यांत राहिलं तर आणखी खाईल. पाणीसुद्धा लावू नका. क्लॅम्पमधून काढताना बाजूंना दाबू नका, दोन्ही टोकांना धरा. आहे तसाच जुन्या सुती साडीत गुंडाळा, चाकांची डबी बरोबर घ्या. काकांशी आत्ताच बोललो. ते म्हणाले, रविवारी नको, शनिवारी सकाळीच या, उजेड चांगला असतो.