मदत हवी आहे: चावी निम्म्यावर अडते, दाराचं बटण खाली जाऊन परत वर येतं

नमस्कार मंडळी. सोलापूरला पूर्व भागात राहतो. गाडी वडिलांची, बारा वर्षांची हॅचबॅक, गल्लीतच उन्हात उभी असते. दोन्ही बाजूंना यंत्रमाग, त्यामुळे सकाळी काचेवर धुळीबरोबर सुताचं तूस ठरलेलं.

मागच्या महिन्यात ड्रायव्हरच्या दाराला चावी जड फिरायला लागली. शेजारचे काका मोठ्या मनानं मागाच्या तेलाची बुधली घेऊन आले आणि कुलपात दोन पिचकाऱ्या सोडल्या. आठ दिवस चावी लोण्यासारखी फिरली. मग तिच्या खाचांत काळा चिकट लगदा यायला लागला, आणि परवापासून ती निम्म्यावर अडून बसते. जोर लावायची भीती वाटते, आत तुकडा राहिला तर कल्याणच.

दुसरी भानगड सेंट्रल लॉकिंगची. रिमोट दाबला की तीन दारं खटकन लागतात, या दाराचं बटण मात्र निम्मं खाली जाऊन परत वर येतं. रिमोटचा सेल (सीआर 2032) बदलला. तीन दारं लागतायत म्हणजे सेल चांगलाच होता, हे पैसे गेल्यावर सुचलं.

चावीवाला म्हणतो, इग्निशनसकट पूर्ण लॉकसेट बदला. वडील म्हणतात, मग गाडीच बदलू. दाराचं पॅड (आतलं आवरण) घरी खोलता येतं का? दारातली लॉकची मोटर गेली की वायर, कसं ओळखायचं?

प्रतिसाद १
दादा, तेलानंच घात केला. कुलपाच्या नळीत पितळी पातळ पट्ट्या असतात, त्यांच्यामागे केसाएवढ्या स्प्रिंगा. तेलात तूस बसलं की पट्ट्या सरकत नाहीत. कॉन्टॅक्ट क्लीनर (विजेचे जोड साफ करायचा, झटकन वाळणारा स्प्रे) फवारा, रंगावर ओघळू नये म्हणून खाली फडकं धरा, चावी आत-बाहेर करा, पुसा. चावीवर काळं येणं थांबेपर्यंत हेच. वाळलं की ग्रॅफाइट पावडर. नसेल तर मऊ पेन्सिलचं शिसं चावीवर घासा.

कपाटातली दुसरी चावीही लावून बघा. ती सहज फिरली तर रोजची झिजलीय. नवी कापताना न वापरलेलीच द्या, नाहीतर झीजसुद्धा कॉपी होते. चावीत इमोबिलायझरची चिप असेल तर नुसत्या कापलेल्या चावीनं दार उघडेल, इंजिन सुरू होणार नाही.

प्रतिसाद २
बटण हलतंय म्हणजे करंट पोचतोय. मेल्यासारखं पडलं असतं तर दार आणि खांबामधल्या रबरी नळीत तुटलेली वायर शोधा म्हटलं असतं. आधी कुलूपच साफ करा. कुलपाची नळी तिरकी अडकली की कधीकधी तिची सळई बटणालाही ओढून धरते. त्यानंतर दार उघडं ठेवून बटण बोटानं दाबा. हलकं गेलं तर मोटरचे दाते झिजलेत, जड गेलं तर लॅचमधलं (दार पकडून ठेवणाऱ्या खटक्यातलं) ग्रीस वाळलंय.

पॅड घरी निघतं. काच वर करून ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एक स्क्रू बहुतेक आतल्या हँडलच्या वाटीत असतो, एक हात टेकायच्या जागी टोपीखाली. बाकी क्लिपा, चार-सहा तुटणारच, आधीच आणून ठेवा. आतला प्लास्टिकचा कागद फाडू नका, पावसाचं पाणी तोच अडवतो. आणि हे सगळं सकाळी सहाला. सोलापूरच्या मे महिन्यात दुपारी त्याचा काळा गोंद च्युइंगमसारखा बोटाला लागतो, अनुभव आहे.

धागाकर्ता
अर्धा डबा क्लीनर आणि एक जुना बनियन खर्ची पडला. चावी फिरते! बटणही आता पूर्ण खाली जातं, पण पाचात एकदा परत वर येतं. बोटाला जड लागतंय, म्हणजे ग्रीसच. रविवारी पॅड खोलतो, फोटो टाकीन.

काका परत बुधली घेऊन आले होते. चहा पाजून पाठवलं.